जुन्या सुटाचा सायं-पोषाख

नाताळ उलटून लग्नसराई सुरू झाली म्हणजे अर्नाळ्याच्या किनाऱ्यालगतच्या वस्तींत कधींकधीं एक मौजेचें दृश्य दृष्टीस पडतें. समुद्राच्या बाजूस बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. आणि त्यांच्यापासून शक्य तितक्या दूर, एखाद्या अंगणांतील सांवलींत, एक काळा लोंकरी कोट टांगलेला असतो. बोंबलाचा वास कोटाला लागूं नये, आणि कोटाचा स्वतःचा जुना वास मात्र वाऱ्याबरोबर निघून जावा, असा त्यांत दुहेरी हेतु असतो. त्या घरीं लग्न ठरलें आहे आणि वराचा सूट नवा नाहीं, एवढें जाणत्यानें ओळखावें.

कोळ्याच्या अंगणांत लोंकरी सूट कसा आला, असा प्रश्न दूरच्या श्रोत्यांस पडेल. वैतरणेच्या मुखाशीं समुद्रांतील बेटावर अर्नाळ्याचा किल्ला आहे. तो १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला व पहिल्या बाजीरावाच्या अमदानींत नव्यानें बांधून काढला. पुढें १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली आणि १५३४ पासून या भागावर असलेली पोर्तुगीज सत्ता संपली. सत्ता गेली, तरी तिच्या काळांत ज्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते कोळी, शेतकरी व बागाईतदार आपल्या गांवींच राहिले. त्यांची बोली मराठीचीच राहिली, लग्नांतली हळद व गाणीं राहिलीं; परंतु इंग्रजी अमदानींत मुंबईच्या नोकऱ्यांबरोबर वराच्या अंगावर युरोपीय सूट आला व तो तेथें रुळला. आतां तर ख्रिस्ती आणि हिंदु, दोन्ही घरांतील तरुण लग्नाच्या सायंकाळीं सूट घालतात. सकाळीं किंवा दुपारीं धर्मविधि आणि रात्रीं दिव्यांच्या झगमगाटांत स्वागतसमारंभ, असा क्रम ठरून गेला आहे. या रात्रीच्या समारंभासाठीं साध्या सुटाहून निराळा, रेशमी पट्ट्यांचा सायं-पोषाख असावा, अशी हौस तरुणांस वाटूं लागली आहे.

हौसेला मोल असतें. कल्पना करा कीं, अशाच एका घरीं मोठ्या मुलाचें लग्न आहे. घरची एक होडी आहे, जाळें दुरुस्तीला आलें आहे, आणि त्याच्या पाठीवर एक धाकटा भाऊ व एक बहीण लग्नाचीं आहेत. एका रात्रीसाठीं नवा पोषाख शिवावयाचा, तर कर्ज काढावें लागेल. भाड्यानें आणावा, तर तो कोणाच्याहि अंगाचा नसल्यामुळें कोणाच्याच अंगाला नीट बसत नाहीं. मुलगा शहाणा आहे. तो मुंबईस जातो, चोरबाजारांतील जुन्या कपड्यांचे ढीग चाळतो, आणि एक काळा, जाड अस्तराचा, उत्तम शिलाईचा जुना सूट घेऊन विरारच्या गाडीनें परत येतो. आई तो उलगडून पाहते. आंतल्या खिशांत एक लहानशी कापडी चिठ्ठी शिवलेली आहे व तिच्यावर पूर्वींच्या मालकाचें नांव आहे. आईचा चेहरा पडतो. “आपल्या लग्नाला दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कोट? लोक काय म्हणतील, पोरा?”

या प्रश्नाला हंसूं नये. वस्त्र हें अन्नासारखेंच अंगाशीं जडलेलें असतें, आणि मंगल कार्यांत दुसऱ्याचें उतरलेलें वस्त्र नको, ही भावना केवळ दिखाऊपणाची नव्हे. परंतु त्याच महाराष्ट्रांत याच्या विरुद्ध बाजूची परंपराहि तितकीच जुनी आहे. आजीच्या नऊवारीचीं परकर-पोलकीं होतात. विटलेल्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोऱ्यानें गोधडी शिवतात, आणि तान्ह्या बाळाला पहिल्यानें गुंडाळतात तें दुपटें मुद्दाम जुन्या, मऊ कापडाचें असतें. तेथें जुनेपणा हाच गुण ठरतो. शिंप्याच्या घरीं जन्मलेले नामदेव ज्या भूमींत संत म्हणून वंदिले जातात, त्या भूमींत सुई-दोऱ्याला हलकें कोण लेखील? तेव्हां प्रश्न वस्त्र जुनें कीं नवें हा नाहीं. नव्या माणसासाठीं तें खरोखर पुन्हां घडविलें गेलें आहे कीं नुसतें अंगावर चढविलें आहे, हा आहे. तें कसें घडवावें, याचा विचार प्रस्तुत आहे.

प्रथम हा सायं-पोषाख म्हणजे काय, तें समजून घ्यावें. युरोपांत रात्रीच्या समारंभाचा सर्वांत औपचारिक पोषाख म्हणजे मागें दोन लांब शेपटें असलेला कोट. त्याची कापणीच वेगळी असल्यामुळें साध्या सुटापासून तो कधींच होत नाहीं. दुसरा, त्याहून सुटसुटीत पोषाख म्हणजे डिनर जॅकेट. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीनें १८६५ सालीं युवराज एडवर्ड यांच्यासाठीं घरगुती रात्रभोजनास घालावयाचा एक आंखूड रेशमी कोट शिवला, तेथपासून त्याची परंपरा मोजतात. पुढें १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्कमधील मंडळींत तो रूढ झाला, म्हणून अमेरिकेंत त्याला टक्सीडो म्हणतात. या पोषाखाबरोबर कमरेला जो चुण्यांचा रेशमी पट्टा बांधतात, तो तर आपलाच कमरबंद. हिंदुस्थानांतील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो येथून उचलला. म्हणजे साहेबाच्या पोषाखांतहि उसनें कांहीं नाहीं, असें नाहीं.

हा आंखूड कोट व साधा सूट यांची मूळ घडण एकच आहे. फरक मोजके आहेत. गळ्याखालीं छातीवर दुमडलेल्या ज्या दोन पट्ट्या असतात, ज्यांना शिंपी लॅपल म्हणतात, त्यांवर सायं-कोटांत साटीनचें किंवा बारीक उभार असलेल्या रेशमाचें कापड असतें. बटणें त्याच कापडानें मढविलेलीं असतात. बाहेरील खिशांना झांकणें नसतात, फक्त अरुंद गोट असतो. कोटाला मागें चीर नसते. पाटलोणीच्या बाहेरच्या शिवणीवर कमरेपासून घोट्यापर्यंत साटीनची एकच पट्टी असते. तिला पट्ट्याचीं घरें नसतात आणि खालीं दुमड नसते. या पांचसहा गोष्टींपलीकडे जादू कांहीं नाहीं. म्हणूनच चांगल्या जुन्या सुटाचा सायं-पोषाख होऊं शकतो. आपल्याकडील बंदगळ्याचा कोट हाहि रात्रीच्या समारंभास तितकाच शोभतो. पण उघड्या गळ्याच्या सुटापासून बंद गळा करतां येत नाहीं, कारण छातीवरचें कापड आधींच कापलेलें असतें. शिवणकामांत जेथें कापड नाहीं तेथें कारागिरी चालत नाहीं.

आतां निवड. सूट अंगावर चढवून प्रथम खांदे पाहावेत. कोटाचा खांदा जेथें संपतो तेथेंच अंगाचा खांदा संपला पाहिजे. खांदा रुंद किंवा अरुंद असेल, तर कॉलर, बाही, मुंढा व आंतील भरण हीं सर्व उसवावीं लागतात. तें काम नव्या कोटाइतकें अवघड आहे. असा सूट कितीहि स्वस्त मिळाला, तरी तेथेंच ठेवून यावा. मानेमागें कॉलर सदऱ्याला चिकटून बसते कीं पोकळ राहते, तें दुसरें पाहावें. कोटाची लांबी बोटभर कमी करतां येते. त्याहून अधिक केल्यास खिसे फार खालीं आल्यासारखे दिसतात. उलट बाहीची लांबी, कमरेचा घेर, पाटलोणीची कंबर व लांबी या गोष्टी साधारण शिंप्याच्या हातच्या आहेत.

कापडाची परीक्षा उजेडांत करावी. पाटलोण व कोट खिडकीसमोर धरले, म्हणजे कसरीनें पाडलेलीं बारीक भोंकें चांदण्यांसारखीं दिसतात. एखाददुसरें भोंक रफूगार बुजवितो. चाळण झालेली असेल, तर नाद सोडावा. कोपर व बैठक यांवर झिजून आलेली तकाकी जात नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. कापड लोंकरीचें आहे कीं नाहीं, हें आंतील शिवणींतला एक धागा जाळून कळतें: लोंकर केंस जळल्यासारखा वास देते व तिची राख बोटांनीं चुरते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणि होतो. रंग काळा किंवा अतिशय गडद निळा असावा. विजेच्या दिव्यांत साधा काळा रंग कधींकधीं विटका, हिरवट दिसतो. गडद निळा मात्र काळ्याहूनहि काळा दिसतो. रेघांचा किंवा चौकड्यांचा सूट या कामाचा नव्हे.

येथें एक खुबी सांगण्यासारखी आहे. पूर्वींच्या पिढीचे, दोन रांगांत बटणें असलेले कोट आज जुन्या बाजारांत अनेकदां दुर्लक्षित पडलेले असतात. परंतु त्यांची लॅपल वर टोंक काढलेली असते, आणि सायं-कोटाला तीच घडण उत्तम समजतात. साध्या, खांच असलेल्या लॅपलला टोंक काढावयाचें, तर कापड वाढवावें लागतें, आणि तें येणार कोठून? शिवाय दोन रांगांच्या कोटाचें पुढील अंग बंद राहत असल्यामुळें आंत जाकीट किंवा कमरबंद लागत नाहीं. आपल्या कथेंतील मुलानें नेमका असाच कोट उचलला होता. नशीब म्हणा किंवा नजर म्हणा.

सूट घरीं आणल्यावर कात्री लावण्याची घाई करूं नये. आधीं तो धुलाईवाल्याकडून कोरड्या पद्धतीनें स्वच्छ करून घ्यावा, आणि कोट व पाटलोण एकाच वेळीं द्यावीं, नाहींतर दोघांच्या काळेपणांत फरक पडतो. कसरीचीं अंडीं याच वेळीं नाहींशीं होतात आणि कापड आटावयाचें असेल, तर तेंहि याच वेळीं आटून घेतें. त्यानंतर दोनतीन दिवस वाऱ्यावर ठेवून मऊ ब्रशानें झाडावा. अर्नाळ्यासारख्या खाऱ्या, दमट हवेंत हें काम पावसाळ्यांत होणार नाहीं; त्यासाठीं कोरडे दिवसच हवेत.

मग शिंप्यानें तो उलटा करावा. उत्तम शिंप्याची पारख सुलट बाजूनें होत नाहीं, उलट बाजूनें होते. शिवणीच्या आंत जें जादा कापड राखून ठेवलेलें असतें, त्याला मराठींत माया म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम या अर्थानें वापरला, त्याला माणसाचा स्वभाव कळत होता. पाटलोणीच्या मागच्या शिवणींत दोन बोटें माया असेल, तर कंबर सैल करतां येते. बाहीच्या टोंकाशीं असेल, तर बाही उतरवितां येते. ज्या शिंप्यानें कापड वांचविण्यासाठीं माया कापून टाकली, त्याचा सूट एकाच माणसाचा व एकाच वयाचा राहतो. ज्यानें ती ठेवली, त्यानें आपल्याला कधीं न दिसणाऱ्या माणसाची सोय करून ठेवलेली असते.

कामाचा क्रम असा ठेवावा. पहिल्यानें अंगाच्या मापाचें काम: कमरेचा घेर, बाही, पाटलोण. बाही अशी असावी कीं सदऱ्याचा कफ एक ते दीड सेंटिमीटर बाहेर दिसेल. पाटलोणीला खालीं दुमड असेल, तर ती उलगडावी. जुनी घडी जेथें विरली किंवा फिकट झाली असेल ती रेघ आंतल्या बाजूस जाईल अशा बेतानें नवी लांबी धरावी, आणि उरलेलें कापड फेंकूं नये. त्याच रंगाचें, तितकेंच जुनें झालेलें कापड रफूगाराला दुसरीकडे मिळणार नाहीं. पट्ट्याचीं घरें उसवावीं. पाटलोण आंतून बटणें लावून गॅलिसांवर घ्यावी, म्हणजे ती नाचण्याजेवण्यांत खालीं घसरत नाहीं.

सर्व कच्च्या शिलाईनें जोडून एकदां अंगावर घालून पाहावें व मगच पक्कें करावें. त्यानंतर सजावट. सव्वा मीटर साटीन पुरतें. फार चकचकीत घेऊं नये, दिव्याखालीं तें पत्र्यासारखें दिसतें. लॅपलचा कागदी नमुना काढून, त्याभोंवतीं माया ठेवून साटीन कापावें. त्याचा उभा धागा लॅपलच्या बाहेरील कडेशीं समांतर असावा, नाहींतर तें तिरकें ओढलें जाऊन सुरकुत्या पडतात. लॅपल बोटांवर किंचित् वळवून, ती कोटावर जशी वळते तशीच ठेवून साटीन टांचावें. सपाट मेजावर टांचलें, तर वळतांना कापड आंखूड पडतें. मग कडा आंत दुमडून, साटीनच्याच रंगाच्या बारीक दोऱ्यानें हातशिलाई करावी. हेंच काम चिकट द्रव्य लावून घटकाभरांत होतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तसें करतातहि. परंतु तें टाळावें. त्याचें कारण पुढें येईल.

त्यांतीलच तुकड्यांनीं बटणें मढवावीं. पाटलोणीच्या बाहेरच्या शिवणीवर दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी लावावी. खिशांचीं झांकणें कापूं नयेत, आंत सारून बारीक टांक्यांनीं धरावीं. मागील चीरहि कापडाला धक्का न लावतां आंतून शिवून टाकावी. इस्त्री ओलसर फडक्यावरूनच करावी, साटीनवर तर अगदीं मंद. आणि लॅपलची वळणाची जागा कधींहि दाबून घडी पाडूं नये, ती गोलाईनेंच वळली पाहिजे. पांढरा सदरा, साटीनशीं जुळणारा काळा बो व साधे काळे बूट, एवढ्यानें पोषाख पुरा होतो. तो संध्याकाळीं सहा वाजल्यानंतर घालावयाचा असतो. दिवसाच्या धर्मविधीस तो नव्हे.

येथेंच या सर्व खटाटोपांतील खरी अडचण उभी राहते. साटीन लावलेला कोट दिवसा घालतां येत नाहीं. नोकरीच्या मुलाखतीस, चर्चमधील प्रार्थनेस, एखाद्या मृताच्या मागें स्मशानापर्यंत जावयास, साधा काळा सूटच हवा. श्रीमंतास दोन सूट असतात. गरिबास एक असतो. एका रात्रीच्या शोभेसाठीं हा एकच सूट कायमचा रात्रीचा करून टाकणें, म्हणजे काटकसर करण्यास निघून उधळपट्टी करणें होय. अंथरूण पाहून पाय पसरावेत हें खरें; परंतु अंथरूण फाडून उशी करूं नये, हेंहि तितकेंच खरें.

म्हणून चांगला शिंपी असें काम करतो कीं तें उसवतां यावें. हातानें शिवलेलें साटीन ब्लेडच्या टोंकानें, टांका टांका तोडून, एका दुपारींत निघतें व खालची लोंकर जशीच्या तशी राहते. चिकटविलेलें काढावयास गेलें, तर लॅपलचें कापडच खराब होतें. न कापलेलीं खिशांचीं झांकणें पुन्हां बाहेर येतात, शिवलेली चीर पुन्हां उघडते, जुनीं बटणें डबींत जपून ठेवलेलीं असतात. आंखूड केलेली बाहीसुद्धां, आंत दुमडलेलें कापड न कापतां, पुढील लांब हातांसाठीं तशीच ठेवतां येते. ज्या बदलाला परतीची वाट आहे तो बदल निर्धास्तपणें करावा. ज्याला नाहीं, त्यापूर्वीं कात्री खालीं ठेवून एक रात्र विचार करावा. जुन्या वस्तूला हात लावणाऱ्या प्रत्येकानें, तो शिंपी असो वा नसो, एवढें पथ्य पाळलें, तर पुष्कळ गोष्टी वांचतील.

आपल्या कथेंतील शिंप्यानें असेंच केलें, असें समजूं या. पहिल्या मापाच्या दिवशीं आईहि बरोबर गेली. तिनें उलटा केलेला कोट पाहिला. उसवलेल्या शिवणी, खडूच्या रेघा, टांचण्या, वर ओढून टांचलेली बाही पाहिली. ज्याला ती दुसऱ्याचा कोट म्हणत होती, तो त्या वेळीं कोणाचाच नव्हता. नुसतें कापड होतें व तें तिच्या मुलाच्या अंगावर बेतलें जात होतें. तिनें पुन्हां हरकत घेतली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, आंतल्या खिशांतली नांवाची चिठ्ठी काढावयाची कीं नाहीं? शिंप्यानें ती काढली नाहीं. तिच्या खालीं त्यानें मुलाचें नांव व लग्नाचें साल लिहिलेली दुसरी चिठ्ठी शिवली, आणि तिच्या खालीं आणखी एका चिठ्ठीपुरती जागा मोकळी सोडली. धाकट्या भावाचें लग्न अजून व्हावयाचें होतें, आणि त्याच्यासाठीं बाहींत दोन बोटें माया शिल्लक होती.